वडिलांची शेवटच्या उपचारांबाबतची इच्छा आताच लिहून ठेवावी का?

प्रश्न (तासगाव)
माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांचा फुप्फुसाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला असून मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना घरीच सांभाळण्यास सांगितले आहे. ‘मला नळ्या लावून ठेवू नका,’ असे ते आईला म्हणाले. पण पुण्याच्या थोरल्या बंधूंना शेवटपर्यंत सर्व उपचार हवे आहेत. वडिलांची इच्छा कायदेशीररीत्या लिहून ठेवता येते का?

उत्तर (सातारा, वकील)
होय. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा ‘लिव्हिंग विल’ला (उपचारांबाबत आधीच लिहून ठेवलेल्या निर्देशाला) मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी तिची किचकट प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित केली तरी पुरते. वडिलांना बोलता येईनासे झाल्यास निर्णय कोणी घ्यावा, त्यांची नावे तिच्यात असावीत. एक प्रत घरच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्यावी. वडील शुद्धीत आणि निर्णय घेण्यास समर्थ असेपर्यंत मात्र त्यांचा स्वतःचा शब्दच प्रमाण.

उत्तर (मिरज, परिचारिका)
कागद अवश्य करा. पण त्याआधी बंधूंना बोलावून घ्या आणि वडिलांची इच्छा त्यांना वडिलांच्याच तोंडून ऐकू द्या. मध्यरात्री धाप लागली की घरचे घाबरून रुग्णवाहिका बोलावतात, आणि कपाटातला कागद कपाटातच राहून रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून अशा वेळी कोणती औषधे द्यायची आणि कोणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून आताच लिहून घ्या. मॉर्फिनला घाबरू नका: योग्य मात्रेत त्याने वेदना आणि धाप दोन्ही कमी होतात, मृत्यू ओढवत नाही; बद्धकोष्ठता होते, त्यासाठी सोबत रेचक लागते. शेवटी भूक मरते, तेव्हा बळजबरीने भरवू नका, ओठ ओले ठेवा. आणि रात्री उशाशी बसण्याच्या पाळ्या ठरवा, कारण आईंना एकट्याने हे झेपणार नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बंधू रविवारी येत आहेत. परंतु आजार किती पसरला आहे, हे वडिलांना आम्ही सांगितलेले नाही.

उत्तर (सातारा, वकील)
मग आधी तेच करावे लागेल, कारण पूर्ण माहितीनिशी आणि दबावाविना केलेला निर्देशच ग्राह्य धरला जातो.

उत्तर (मिरज, परिचारिका)
एकदम सारे सांगू नका. ‘बाबा, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटते, आणखी काय जाणून घ्यायचे आहे?’ असे विचारा आणि गप्प राहून ऐका. बहुतेकांना बरेच काही आधीच उमगलेले असते. घरच्यांना त्रास नको म्हणून तेही बोलत नाहीत.