मदत हवी आहे : अकरावीच्या इंग्रजीतले अलंकार

नमस्कार मंडळी. लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता दादरला अकरावीत आहे. इंग्रजी कवितेत फिगर्स ऑफ स्पीच ओळखायचे आले की अडते.

उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, एवढं मी जुळवून दिलं. ते पटकन कळलं. काल मात्र अ‍ॅलिटरेशन (अनुप्रास, म्हणजे जवळजवळच्या शब्दांची सुरुवात एकाच ध्वनीने होणं) म्हणून तिने 'नाइफ' आणि 'काइट'खाली रेघ मारली, कारण दोन्हीचं पहिलं अक्षर के. स्पेलिंग नाही, उच्चार बघायचा, हे 'सिटी' आणि 'सन' मोठ्याने म्हणायला लावलं तेव्हा पटलं. मराठीत लिहितो तसंच वाचतो, तिची तरी काय चूक!

खरी अडचण ट्रान्स्फर्ड एपिथेटची, म्हणजे एकाचं विशेषण दुसऱ्यालाच लावलेलं असतं त्याची. 'स्लीपलेस नाइट'मध्ये झोप रात्रीची नाही, माणसाची उडालेली असते, हे मला कळतं. पण नव्या कवितेत ते हुडकायचं कसं, हे सांगता येत नाही. मेटोनिमी (वस्तूऐवजी तिच्याशी निगडित गोष्टीचं नाव) आणि सिनेक्डकी (पूर्णाऐवजी भागाचं किंवा भागाऐवजी पूर्णाचं नाव) यांतला फरकही तसाच.

मराठीतून समजावणारं पुस्तक, किंवा दादर-माटुंग्यात शिकवणारं कोणी माहीत आहे का? नुसतं पाठांतर नकोय, तिला कविता मनापासून आवडते. संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी तिला वेळ असतो.