'१९८४'मधला विन्स्टन : बंड ज्युलियामुळे की आधीपासूनच?

वडाळेकरीण :
दादरला आमचा वाचनकट्टा भरतो. या खेपेला जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी होती, माणसांवर सतत पाळत ठेवणाऱ्या हुकूमशाही सरकारची. सगळ्यांचं एकच पालुपद, प्रेयसी ज्युलिया भेटली आणि नायक विन्स्टन सरकारविरुद्ध बंडखोर झाला. मला काही ते पटेना. ४ एप्रिल १९८४ अशी तारीख टाकून तो डायरी लिहायला बसतो, तेव्हा ज्युलिया त्याच्या डोळ्यांत सलत असते. पुढे तर ही आपल्या पाळतीवर आहे, दगड घालावा हिच्या डोक्यात, इथवर मजल जाते. मग तिने नेमकं केलं काय? कट्ट्यावरच्या एका काकांनी 'प्रेम माणसाला निर्भय करतं' म्हणत विषय गुंडाळला. चहा तेच पाजतात, उलट कोण बोलणार! म्हणून इथे विचारतेय.

चाळकरी :
मी गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो. पोटमाळ्यावर काका-काकू, खाली आम्ही, दार सताड उघडं. लग्न ठरल्यावर हिच्याशी दोन शब्द बोलायचे तर चौपाटी गाठायची, तीही शहराकडे पाठ करून. त्यामुळे मला या कादंबरीत सगळ्यात जवळची वाटली ती चॅरिंग्टन नावाच्या दुकानदाराच्या दुकानावरची भाड्याची खोली, जिथे हे दोघं चोरून भेटतात. ज्युलिया तिथे खरी कॉफी, साखर लपवून आणते, चेहरा रंगवते. विन्स्टनची जिन सुटते, अंगावर मांस चढतं, सकाळची खोकल्याची उबळ थांबते. याला बंड कसलं म्हणायचं? संसार थाटलाय दोघांनी. तो सरकारचा शत्रू गोल्डस्टाइन याचं बंदी असलेलं पुस्तक मोठ्याने वाचतोय आणि बाईसाहेब ढाराढूर!

परळचे मास्तर :
बरोबर, पण ओब्रायनला विसरलात, बंडखोर असल्याचं भासवणारा तो सरकारचाच बडा अधिकारी. डायरी आपण त्याच्यासाठी लिहितोय, हे विन्स्टनच्या पहिल्या भागातच ध्यानात येतं. एका नजरानजरेवर विरघळलेला माणूस! बंडाची दीक्षाही ओब्रायनच्याच घरी. खून कराल? हो. घातपात? हो. लहान मुलाच्या तोंडावर ॲसिड? त्यालाही हो. एकमेकांना कायमचं सोडाल का, यावर मात्र ज्युलिया मध्येच 'नाही' म्हणते. विन्स्टनला बराच वेळ आवाज फुटत नाही, मग तोही 'नाही'. ओब्रायन म्हणतो, सांगितलंत ते बरं केलंत. कुठे मोडायचं ते सरकारला आयतंच कळलं! पकडल्यावर छळाच्या खोली क्रमांक १०१ मध्ये उंदरांचा पिंजरा तोंडाशी आला की विन्स्टन 'मला नको, ज्युलियाला करा' म्हणत तिचंच नाव पुढे करतो. काकांना ही पानं वाचून दाखवा.

फलाट नं. ४ :
आणि विन्स्टनचा शेजारी तो पार्सन्स? सात वर्षांच्या पोरीने कुलपाच्या भोकाला कान लावून बापाला पकडून दिलं, आणि हा कोठडीत तिचंच कौतुक सांगतोय. नात्याने बंड होतं म्हणे!

वडाळेकरीण :
मास्तर, ते पान आत्ता काढून बघितलं. पुस्तकावर झोपा काढणारीच पटकन 'नाही' म्हणते, आणि डायरी लिहिणारा घुटमळतो. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

अजून एक. लहानपणी विन्स्टनने बहिणीच्या वाटचं चॉकलेट हिसकावलं होतं, आणि आईने काही उपयोग नसताना त्या पोरीला कवटाळलं होतं. ही आठवण त्याला त्याच खोलीत, ज्युलियाशेजारी स्वप्नातून जाग येताना परत मिळते. माणसाच्या मनात घुसणं या सरकारला जमणार नाही, असं तो त्यानंतरच बोलायला लागतो. माझ्या मते ज्युलियाचा हात असलाच तर इथे. पण डोळे भरून तो हे तिला सांगतो तेव्हा ती काय म्हणते? सगळीच पोरं डुकरं असतात, म्हणते अर्धवट झोपेत.