घरचा सर्व्हर: फोटो आणि कागदपत्रं घरी आणावीत की नाही?

माजघर (धागालेखक)

आधी दावा सांगतो. ज्या घरात संगणकाची बऱ्यापैकी जाण असलेला एक तरी माणूस आहे, त्या घराने आपले फोटो आणि कागदपत्रं घरच्या सर्व्हरवर, म्हणजे घरीच चालू ठेवलेल्या संगणकावर, आणावीत. ईमेलच्या वाटेला जाऊ नये. पोर्ट २५, म्हणजे ईमेल पाठवायची वाट, बहुतेक घरगुती जोडण्यांवर बंद असतं, आणि घरच्या पत्त्यावरून गेलेलं पत्र स्पॅममध्ये पडतं. पण फोटो आणि कागद नक्की आणावेत.

गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून मोफत अमर्याद साठवण बंद केली. तोवर लोकांनी वर्षानुवर्षांचे फोटो तिथे ओतले होते. मग १५ जीबी, आणि त्यातच जीमेल आणि ड्राइव्हही. पैसे मागितले याचं मला काही नाही, सेवा फुकट नसते. पण अटी कधी बदलायच्या हे एकटी कंपनी ठरवते, आणि तोवर आपलं सगळं सामान तिच्या गोदामात जाऊन पडलेलं असतं.

खातं बंद होणं हा त्याहून गंभीर धोका. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी लेकराच्या दुखऱ्या जागेचा फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढला. तो आपोआप गुगलवर चढला, यंत्रणेने तो बालशोषणाचा ठरवला आणि खातं बंद झालं. पोलिसांनी तपास करून काही गुन्हा नाही असं सांगितलं, तरीही खातं परत मिळालं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही हकिकत छापली. आपल्याकडचं उदाहरण जुलै २०२५ चं आहे. गुजरातेत वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या. तिला वकील लावता आले. आपण कुठे जाणार?

माझ्याकडे एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी आहे. त्यावर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर), फोटोंसाठी इमिच आणि कागदांसाठी पेपरलेस-एनजीएक्स. पेपरलेसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मराठी घराला त्याचा उपयोग फार आहे. कागद स्कॅन करून टाकला की टेसरॅक्ट हे ओसीआर त्यातला मजकूर वाचतं, आणि टेसरॅक्टला मराठी येतं. ती भाषा आधीपासून बसवलेली नसते, सेटिंगमध्ये वेगळी उतरवून घ्यावी लागते आणि वाचनाच्या भाषेत मराठी व इंग्रजी दोन्ही लिहाव्या लागतात. एवढं केलं की 'घरपट्टी' टाकल्यावर सगळ्या वर्षांच्या पावत्या पुढ्यात. छापील सातबारा चांगला वाचला जातो. मोडी सोडाच, हाताने लिहिलेला जुना फेरफारही वाचला जात नाही, तिथे शीर्षक आणि गट नंबर हाताने घालावे लागतात. पण वडिलांच्या कपाटातली एक फाइल जरी अशी शोधण्याजोगी झाली, तरी घरात त्याचं मोल कळतं.

विरोधी मतं हवीच आहेत.

सह्यकडा

चोवीस तास यंत्र चालू म्हणजे वीजबिल किती?

माजघर

डिस्क धरून सरासरी १५ वॅट समजा. १५ गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे महिन्याला १०.८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी ११० रुपयांच्या आत. जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून लावला तर मात्र हे गणित चालत नाही, तो नुसता बसून याच्या कितीतरी पट वीज खातो.

रात्रपाळी

असहमत, आणि पोटतिडकीने असहमत. सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

विजेचा हिशोब बरोबर, पण त्यात माणसाचा वेळ कुठे आहे? तुम्ही ज्या इमिचवर कुटुंबाचे फोटो ठेवायला सांगताय, त्याच्या निर्मात्यांनीच कित्येक वर्षं पहिल्या पानावर इशारा लिहून ठेवला होता की फोटोंची एकमेव जागा म्हणून हे वापरू नका. पहिली स्थिर म्हणावी अशी २.० आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. तोवर अपडेटआधी बदलांची टिपणं वाचली नाहीत तर सर्व्हर उठेलच याची खात्री नसायची. हे वाचन दरवेळी कोण करणार? कामाच्या दिवसांत, परीक्षेच्या दिवसांत, घरात कुणी दवाखान्यात असताना?

आता सुरक्षेचं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे फायली साठवायचे डबे गाठले, फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. यातले कितीतरी डबे तुमच्याआमच्यासारख्यांच्या घरी होते. त्याच वर्षी लास्टपास या लोकांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोरी झाली, तिचा माग कुठे लागला पाहा. एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर प्लेक्स हे मीडिया सॉफ्टवेअर जुन्याच आवृत्तीत पडून होतं. चोर तिथून शिरले, कळफलकावर पाळत ठेवली, मास्टर पासवर्ड उचलला आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती नेल्या. प्लेक्सने नंतर सांगितलं की ती फट मे २०२० मध्येच बुजवली होती आणि त्यानंतर सुमारे ७५ आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. पासवर्डच्या कंपनीतल्या वरिष्ठ अभियंत्याकडून घरचं अपडेट राहून जातं. मग 'बऱ्यापैकी जाण असलेला' माणूस काय करणार?

महिन्याला काही शे रुपये भरा आणि सुखाने झोपा.

नेकार

रात्रपाळींशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). विशेषतः शेवटचं वाक्य.

माजघर

रात्रपाळी, लास्टपासचं उदाहरण माझ्याही बाजूचं आहे. शिरकाव एका घरातून झाला, पण नुकसान इतक्या लोकांचं झालं ते सगळ्यांच्या तिजोऱ्या एका ठिकाणी होत्या म्हणून. माझ्या घरात कुणी शिरला तर माझेच फोटो जातील. त्यासाठी एवढी मेहनत घेणाऱ्याला त्यात मिळकत नाही.

डेडबोल्टचे बळी इंटरनेटला उघडे होते, हे तुम्हीच लिहिलंय. माझ्या राउटरवर वायरगार्डचं एक पोर्ट सोडलं तर काहीच उघडं नाही. वायरगार्ड म्हणजे कूटबद्ध खासगी जोडणी, बाहेरून यायचं तर तिच्याच बोगद्यातून. २०२० पासून वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि किल्ली नसलेल्या माणसाला ते साधं उत्तरसुद्धा देत नाही, म्हणजे बाहेरून धुंडाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. घरच्यांच्या फोनवर ते एकदा बसवलं की विषय संपला.

'सुखाने झोपा' म्हणता, तर मे २०२४ चं युनिसुपर आठवा. ऑस्ट्रेलियातला प्रचंड पेन्शन फंड, सहा लाखांहून अधिक सभासद. गुगल क्लाउडच्या मांडणीतल्या एका चुकीने त्यांचं तिथलं प्रायव्हेट क्लाउड पुसलं गेलं. दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप होते, सगळं परत उभं करायला त्यांची मदत झाली. प्रत दुसरीकडे हवी, हा नियम त्यांनाही लागू आणि मलाही.

रात्रपाळी

युनिसुपरकडे ती दुसरी प्रत नीट उतरवून घेणारी पगारी माणसं होती. तुम्ही शेवटचं कधी रिकाम्या यंत्रावर बॅकअपमधून सगळं उभं करून पाहिलंत? इमिचमध्ये फोटोंच्या फायली वेगळ्या आणि पोस्टग्रेसचा डेटाबेस वेगळा. नुसत्या फायली जपल्या तर अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावं, सगळं गेलं. घरी सर्व्हर चालवणाऱ्या बऱ्याच जणांनी ही चाचणी कधीच घेतलेली नसते.

माजघर

घेतली आहे, आणि ती घेतल्याशिवाय कुणी जुन्या जागेवरचे फोटो पुसू नयेत. पण तुम्ही म्हणता त्या सगळ्यात वाईट प्रसंगातही मूळ फोटो साध्या फायली म्हणून डिस्कवर राहतात, कुठल्याही संगणकावर उघडतात. गुगलमधून टेकआउट, म्हणजे आपल्या डेटाची प्रत, काढून पाहा. झिपच्या झिप येतात, आणि फोटोची तारीख, ठिकाण, वर्णन शेजारच्या वेगळ्या जेसॉन फायलीत. ते जुळवायला लोकांना वेगळी अवजारं लिहावी लागली.

तिठा

मी सिंधुदुर्गात राहतो. वरची चर्चा पुण्यामुंबईच्या विजेवर बेतलेली वाटली. आमच्याकडे मे अखेरीला वळवाचे ढग आले की घरोघरी आधी प्लग उपसतात. ऑप्टिकल फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण ओएनटीचा (घरातल्या फायबरच्या डब्याचा) अडॅप्टर खांबावरच्या लाइनला जोडलेला, आणि तिथून लॅनची तांब्याची वायर तुमच्या सर्व्हरपर्यंत. एक वीज पडली की ओळीने सगळं जातं. त्यामुळे पावसाळ्यात सर्व्हर चोवीस तास चालू ठेवणं इथे शहाणपणाचं नाही. लाइन गेल्यावर इन्व्हर्टर असला तरी गावातलं फायबरचं उपकरण बंद पडतं, मग बाहेरून फोटो दिसत नाहीतच.

दुसरी अडचण सीजीनॅटची. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात दिसला तर समजा की एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटलाय. मग माजघर यांचं वायरगार्ड बाहेरून पोचणारच नाही. स्थिर पत्ता मागितला तर वेगळे पैसे.

तरी मी फोटो घरीच ठेवतो. जुना लॅपटॉप सर्व्हर केला आहे, त्याची बॅटरी हाच यूपीएस. लॅन वायर न लावता वायफायवर चालवतो. संध्याकाळी सगळे घरी आले की फोन आपोआप फोटो चढवतात, रात्री यंत्र बंद. चोवीस तास चालायलाच हवं असं कुठे आहे?

सह्यकडा

सीजीनॅटवर उपाय आहे. आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, बऱ्याच फायबर जोडण्यांना तो पत्ता मिळतो. तोही नसेल तर टेलस्केल ही यंत्रं एकमेकांना जोडून देणारी सेवा. दोन्ही टोकं आतून बाहेर बोलतात, त्यामुळे सार्वजनिक पत्ता लागत नाही.

रात्रपाळी

म्हणजे परत एका परदेशी कंपनीचं खातं आलंच.

ओंजळ

तुम्ही सगळे यंत्राबद्दल बोलताय. मला वापरणाऱ्या माणसांबद्दल लिहायचं आहे. आमच्या घरी असा सर्व्हर आहे, नवरा चालवतो, मी आणि मुलगी वापरतो.

गुगलवर आम्हा तिघांची तीन खाती होती. माझे फोटो माझे, तिचे तिचे. घरच्या सर्व्हरवरही तीन खाती आहेत, पण डिस्क एकाच्या ताब्यात. इमिचमध्ये फोटो कूटबद्ध (किल्लीशिवाय न वाचता येणारे) होऊन साठत नाहीत, ते फोल्डरमध्ये सरळ उघडता येतात. सतरा वर्षांच्या मुलीने मैत्रिणींबरोबरचे फोटो काढले की ते वडिलांच्या यंत्रावर जातात. तो उघडून बघणार नाही, याची मला खात्री आहे. पण तो बघू शकतो हे तिला माहीत आहे, आणि एवढ्यानेच तिने फोनवरचा बॅकअप बंद केला. कंपनीपासून खासगीपणा मिळवताना घरातल्या घरात तो गेला, याचं उत्तर या धाग्यात कुणी दिलेलं नाही.

दुसरं म्हणजे तो नसला तर? मला कमांड येत नाहीत आणि शिकायची इच्छाही नाही. गुगलमध्ये निदान निष्क्रिय खात्याची सोय आहे, आपल्यामागे कुणाला काय मिळावं हे आधी लिहून ठेवता येतं. इथे सगळं एका माणसाच्या डोक्यात.

माजघर

ओंजळताई, दुसऱ्या मुद्द्याला उत्तर आहे. बॅकअपची एक डिस्क साध्या फोल्डरांत ठेवायची, कूटबद्ध न करता, कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी. वर्ष आणि महिन्याप्रमाणे फोल्डर. यूएसबीला लावली की फोटो दिसले पाहिजेत, सर्व्हर गेला खड्ड्यात. आणि ती सोय आधी लिहून ठेवली नसेल तर गुगलचाही भरवसा नाही. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं त्यांचं धोरण आहे. गेलेल्या माणसाच्या खात्याचा पासवर्ड घरी कुणाला माहीत नसतो, आणि तोवर मुदत संपते.

पहिल्या मुद्द्यासाठी एन्टे हे फोटो साठवायचं सॉफ्टवेअर पाहा. त्यात फोटो फोनवरच कूटबद्ध होतात, सर्व्हर चालवणाऱ्यालाही दिसत नाहीत. २०२४ मध्ये त्याच्या सर्व्हरचा कोडही खुला झाला, त्यामुळे घरी बसवता येतं.

ओंजळ

म्हणजे मुलगी किल्ली विसरली तर फोटो कायमचे गेले. आणि कपाटातल्या उघड्या डिस्कवर तिचे फोटो असणार की नसणार? असणार असतील तर खासगीपणा नाही, नसणार असतील तर बॅकअप नाही. दोन उत्तरं दिलीत, ती एकमेकांना छेद देतात.

परदेशस्थ

जर्मनीतून. इथे वीज भारताच्या मानाने खूपच महाग, तरी मिनी पीसी परवडतो. माझा सर्व्हर इथे आणि एक सांगलीला आईबाबांकडे. रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने कूटबद्ध केलेली प्रत रात्री एकमेकांकडे जाते. ३-२-१ म्हणतात, तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक घराबाहेर, त्यातली घराबाहेरची अशी सुटते. २०१९ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ती बाहेरची प्रत का हवी हे सांगावं लागत नाही. यंत्र वरच्या मजल्यावर ठेवायला सांगितलं आहे.

रात्रपाळी

ही मांडणी मला पटते. पण तुमच्या आईबाबांच्या घरी त्या यंत्रावरचा एक दिवा बंद पडला तर ते फोन तुम्हालाच करणार. माझा आक्षेप तोच आहे: देखभाल संपत नाही, फक्त लांबून करावी लागते.

माजघर

देखभाल आहे, मान्य. घराची घरपट्टी भरतो, गच्चीची गळती बघतो, तसंच हेही घराचं काम आहे असं मी धरतो. सध्यापुरतं असं म्हणेन: घराचा सामायिक अल्बम, लग्नंमुंजी, देवदर्शनं, आजीआजोबांचे स्कॅन केलेले फोटो आणि सगळे कागद घरच्या सर्व्हरवर. सज्ञान होऊ घातलेल्या मुलांचे फोटो त्यांना हवे तिथे.

ओंजळ

मग धाग्याचा पहिला दावा बदला. 'घराने आपले फोटो' लिहिलंय तुम्ही. आमच्या घरातले निम्मे फोटो त्यात बसत नाहीत.

तिठा

माजघर, पेपरलेसमध्ये मराठी भाषा घालायची कृती सविस्तर टाका. आमच्याकडे तीन भावांत वाटप झालेल्या जमिनीचे कागद आहेत, पावसाआधी स्कॅन करायचे आहेत.