प्लेग्रुपच्या डब्याचं वेळापत्रक नक्की कोणासाठी आहे?

खमंगफोडणी (धागाकर्ती):
परवा इथल्याच एका ताईंनी लिहिलं की, "आई दहा मिनिटं लवकर उठली तर मुलाच्या डब्यात बिस्किटं जाणार नाहीत." तीन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. मी साडेपाचला उठते. याहून लवकर उठायचं तर झोपायचंच कशाला?

आमचा लेक साडेतीन वर्षांचा. शाळा तीन तासांची, डब्याची सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यातली पाच हात धुण्यात जातात. फ्रिजवर बाईंनी दिलेला कागद: सोमवारी पालक पराठा, मंगळवारी मोडाची उसळ, बुधवारी इडली, गुरुवारी पोळीभाजी, शुक्रवारी "काहीतरी पौष्टिक व रंगीत". मंगळवारची उसळ रुमालाला, चित्रांच्या वहीला आणि एकदा दुसऱ्याच्याच स्वेटरला लागून आली. पोटात किती गेली देव जाणे. गेल्या महिन्यात कळलं की निम्मे दिवस त्याला झाकणच उघडत नव्हतं. चारही बाजूंनी खटके असलेला महागडा डबा मीच हौसेनं घेतला होता. पोरगं डबा मांडीवर घेऊन नुसतं बसायचं. बाई उघडून देईपर्यंत सुट्टी संपायची.

तो घरून दूधपोहे खाऊन जातो, एक वाजता येऊन वरणभात जेवतो. मधे अर्ध्या पोळीला तूप-मेतकूट लावून, सुरळी करून, कात्रीनं तुकडे करून दिले तर काय बिघडतं? पण कागदावर मेतकूट नाही. वहीत शेरा येतो: "डबा वेळापत्रकानुसार नाही."

पहाटवारा:
ती ताई मीच. माझा रोख बिस्किटांवर होता, म्हणजे मैदा, साखर आणि पामतेलावर. तुमच्या झोपेवर नव्हता. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्क्यांना रक्तक्षय निघाला. ही सगळी काय उपाशी घरातली मुलं? वेळापत्रक नसलं की लोक काय भरतात ते मी बघितलंय. चौकोनी तुकडे केलेला जॅम-ब्रेड, पाचही दिवस.

खमंगफोडणी:
पालक पराठ्यात दोन चमचे पालक. त्यातलं लोह अंगी लागायला सोबत लिंबू-आवळा काहीतरी लागतं, ते कागदावर कुठंय? जॅम-ब्रेडचं मान्य. पण मी मेतकूटाचं बोलतेय.

नागपूरकर_बाबा:
दोघी भांडताय, पण दोघींच्या वाक्यात "आई"च. काहून? आमच्या घरी डबा मी करतो. पोरगी चार वर्षांची, उकडलेलं अंडं मीठ-मिरपूड लावून आवडीनं खाते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, झाकण उघडलं की दोन मिनिटांत फस्त. शाळेतून चिठ्ठी आली: "कृपया शाकाहारी डबा द्यावा, इतर मुलांना वास येतो." मंगळवारच्या उसळीतल्या लसणाला काय अत्तराचा वास येतो का?

सात्त्विक_सुगरण:
प्रवेशाच्या फॉर्मवर नियम छापलेला असतो, तेव्हा सही कोणी केली? आमच्या घरी अंडं चालत नाही. या वयाची मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात. तीन वर्षांच्या मुलीला मी काय समजावणार?

नागपूरकर_बाबा:
म्हणजे तुमच्या मुलीला समजावता येत नाही म्हणून माझ्या मुलीनं उपाशी राहावं. छान.

सात्त्विक_सुगरण:
उपाशी? विदर्भात पनीर मिळत नाही वाटतं.

नागपूरकर_बाबा:
मिळतं. भाव विचारून या एकदा.

अंगणवाडीची_बाई:
तुम्हा शहरवाल्यांचं वाचून हसू येतं. मी बावीस वर्षं गावात अंगणवाडी चालवतेय. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची असा नियम होता. २०१७ मध्ये त्यासाठी दर ठरला मुलामागे आठ रुपये. त्यात एक अंडं घेतलं की उरतं काय? शाळांच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. पोरं त्या दिवसाची वाट बघायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे बंद केले. तेव्हा कोणाला वास आला होता?
आणि धागाकर्त्या बाई, खिचडी आमची पोरं ताट चाटूनपुसून खातात, कारण सगळ्यांना एकच असते. डबे वेगळे झाले की तोंडं वेगळी होतात.

खमंगफोडणी:
हे शेवटचं वाक्य खरं आहे, कबूल करायला जिवावर येतंय तरी. पण मग शाळेनंच शिजवावं. फी काय कमी आहे?

न्यूजर्सीची_सून:
अंड्यावरून भांडताय तर ऐका. इथल्या डेकेअरमध्ये शेंगदाणा औषधालाही चालत नाही, ॲलर्जीमुळे. म्हणजे दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, अर्ध्या भाज्या बाद. द्राक्षंसुद्धा उभी चिरून, चार फाका करून पाठवायची, नाहीतर डबा परत. आधी चीड आली. मग बाईंनी अख्खं द्राक्ष आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेची जाडी शेजारी शेजारी दाखवली. तेव्हापासून भारतात आले की आख्खे दाणे-फुटाणे खाणारी तीन वर्षांची भाचरं बघून माझाच श्वास अडकतो. बाईंच्या सगळ्याच सूचना मूर्खपणाच्या नसतात एवढंच.

कोल्हापुरी_आजी:
पोळी म्हणजे पुरणाची. रोजची ती चपाती. आधी ते सुधारा. आमची चार पोरं शिळ्या भाकरीत तेल-चटणी घालून वाढली, कुणी फोटो काढले नाहीत.

पहाटवारा:
आजी, पोळी-चपातीचा धागा गेल्या वर्षी दोनशे प्रतिसादांवर कुलूपबंद झाला, पुन्हा नको. खमंगफोडणी, झाकणाचा मुद्दा मी धरला नव्हता, ते माझं चुकलं. माझ्या भाचीचा साधा स्टीलचा पेढेघाटी डबा होता, वरचं झाकण नुसतं ओढलं की निघायचं. तो घ्या. दहा मिनिटांबद्दल मात्र एक शब्दही मागे घेणार नाही.

खमंगफोडणी:
नका घेऊ. डबा आजच आणला. घरी त्याला पाच वेळा उघडायला लावला, पाचव्यांदा वैतागून त्यानं झाकण सोफ्याखाली टाकलं. उद्या सोमवार, पालक पराठा. मेतकूटच देणारे. शेरा आला तर फोटो टाकते.

सात्त्विक_सुगरण:
अंड्यासाठी कोणीतरी वेगळा धागा काढा हो.

नागपूरकर_बाबा:
तुम्हीच काढा. पहिला प्रतिसाद माझा.