पणजोबांच्या जमिनीची जुनी नोंद कोठे शोधावी?

प्रश्न: आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात असून आजचा सातबारा आजोबांच्या नावापाशी थांबतो. जमिनीवर दावा सांगण्याचा हेतू नाही. पणजोबा व त्यांचे भाऊ यांची नावे वंशावळीसाठी मिळावीत, एवढीच इच्छा आहे.

उत्तर १: सातबाऱ्यावरील फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांक धरून मागे जावे. वारस नोंदीच्या फेरफारात मयताचे नाव, बहुधा मृत्यूची तारीख आणि वारसांची नाती लिहिलेली असतात. सातबाऱ्यावर कधीच न आलेल्या मुली व विधवा पुष्कळदा तेथेच भेटतात. जुने फेरफार व कडईपत्रक (जमीन-नोंदीचा जुना तक्ता) यांच्या नकलांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा.

उत्तर २: त्याआधी सर्व्हे नंबर जुळवून घ्या. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत जुन्या सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर पडले, त्यामुळे आजच्या क्रमांकावरून जुने दप्तर उघडत नाही. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडील एकत्रीकरणाच्या उताऱ्यात दोन्ही क्रमांक सापडतात.

उत्तर ३: जमीन इनाम किंवा वतन असल्यास पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर व १८५२ च्या कायद्यान्वये चाललेल्या इनाम चौकशीचे कागद अवश्य पाहावेत. ते बहुतांशी मोडीत आहेत, म्हणून जाणकार वाचक सोबत न्यावा. आडनाव मिळेलच असे नाही, तेव्हा ‘बिन’ या शब्दापुढचे वडिलांचे नाव नीट टिपावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सोमवारी फेरफारांसाठी अर्ज देतो.