मदत हवी आहे: दोन जनकांच्या संख्याक्षेत्राची एम्बेडिंग्ज कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

एम्बेडिंग म्हणजे क्षेत्राला संमिश्र संख्यांत नेणारं, बेरीज-गुणाकार जपणारं एकास-एक फलन. एकच जनक (परिमेय संख्यांत मिसळून क्षेत्र तयार करणारी संख्या) असला की काम सोपं आहे. क्यू(∛२) घ्या, म्हणजे परिमेय संख्यांच्या क्षेत्रात (क्यू) ∛२ मिसळून झालेलं क्षेत्र. ∛२ ची लघुतम बहुपदी (परिमेय सहगुणकांची, ∛२ हे मूळ असलेली सर्वांत लहान घाताची बहुपदी) क्ष³ − २. ∛२ ला तिच्या तीनपैकी कुठल्याही मुळावर पाठवलं की बाकीचं आपोआप ठरतं. एक वास्तव एम्बेडिंग (सगळ्या प्रतिमा वास्तव), एक संमिश्र जोडी (एकमेकांची संयुग्मी).

गाडी अडते ती दोन जनक आले की. अ = ∛२ आणि ब = ओमेगा·∛२ घ्या (ओमेगा म्हणजे १ चं संमिश्र घनमूळ). दोघांची बहुपदी तीच, म्हणजे ३ × ३ = ९ पर्याय. पण क्षेत्राची कोटी ६, आणि एम्बेडिंग्ज कोटीइतकीच असतात! क्यू(√२, √३) ला मात्र २ × २ = ४ बरोबर जुळतं. एकच जनक शोधावा म्हणून अ + ब घेतलं, तर ते −ओमेगा²·∛२ निघालं, कोटी पुन्हा ३ च. जाणकारांनी कृपया सांगावं, हाताने करता येईल अशी खात्रीची रीत कोणती?

प्रतिसाद:
नऊपैकी तीन पर्याय अ आणि ब ला एकाच मुळावर नेतात. एम्बेडिंग एकास-एक असतं, तेव्हा ते बाद. पण दर वेळी असं नजरेने दिसेलच असं नाही, म्हणून पायरीपायरीने चढा. आधी अ ची प्रतिमा ठरवा. मग ब ची लघुतम बहुपदी क्यू वर नाही, क्यू(अ) वर काढा: क्ष² + अक्ष + अ². तिच्या सहगुणकांत अ च्या जागी प्रतिमा घालून मुळं काढा. ३ × २ = ६. क्ष² − ३ क्यू(√२) वर तुटत नाही (तिचे अवयव पडत नाहीत), म्हणून तिथे साधा गुणाकार चालला.

प्रतिमा घालायला विसरू नका, लोक हमखास इथेच घसरतात. √(१+√२) मध्ये √२ → −√२ केलं की वर्गमूळ १−√२ चं काढायचं, आणि ती संख्या ऋण आहे. म्हणून त्या क्षेत्राला दोन वास्तव एम्बेडिंग्ज आणि एक संमिश्र जोडी.

एकच जनक हवा असेल तर अ − ब घ्या.

धागाकर्ता:
धन्यवाद! अ − ब चा सहावा घात −१०८ आला. क्ष⁶ + १०८ ला वास्तव मूळच नाही, म्हणजे तीन संमिश्र जोड्या. मग क्यू(∛२, ∛३) ला नऊच्या नऊ चालतील ना?

प्रतिसाद:
हो, क्ष³ − ३ क्यू(∛२) वर तुटत नाही. वास्तव एक, जोड्या चार.