मदत हवी आहे: फिल्टरमधून डिझेल काळपट निघालं, गाडी चालू करू का नको?

मांजराकाठ (लातूर)
गाडी लातूरला यार्डात उभी आहे. सोयाबीन भरून आज रात्री निघायचंय. सकाळी फिटरनं फिल्टर खोलला तर डिझेल पार कोऱ्या चहासारखं. पंपवाल्याला फोन केला तर तो म्हणायलाय, "बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) डिझेलचा रंग असाच असतो." ड्रायव्हर म्हणायलाय भेसळ आहे, मी चावी लावणार नाही. डिझेलचा खरा रंग कसा असतो आणि गाडी चालू केली तर इंजिनात डिझेल फवारणारे नोझल जातील का, एवढंच सांगा. लवकर सांगा, मालवाल्याचे सारखे फोन येयलेत.

दहाचाकी_जालना
गाडी कोणती? बीएस-४ का ६? डिझेल कधी भरलं? रंग टाकीतला पाहिला का फक्त फिल्टरमधला? आणि फिल्टर खोलायची वेळ का आली? गाडी बंद पडली होती का?

बालाघाटचा
विचारायचं काय त्यात, भेसळच. धुळे-सोलापूर हायवेला ढाब्यामागं टाक्या ठेवून बायोडिझेलच्या नावाखाली इंडस्ट्रियल ऑइल विकायचे, ते असंच काळपट असायचं. स्वस्त म्हणून आमच्या ड्रायव्हरनं एकदा भरलं. हायप्रेशर पंप आणि नोझल दोन्ही बदलावे लागले, गाडी सीझनमध्ये उभी राहिली. पंपवाल्याला सोडू नका.

फिटर_नांदेड
काळा धूर म्हणजे हवा कमी, एअर फिल्टर बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, नाहीतर हेड गॅसकेटमधून पाणी येतंय. टर्बोचा पाइप पण तपासा.

मांजराकाठ (लातूर)
दादा, गाडी बंद आहे, धुराचा विषयच नाही. बारा चाकी, बीएस-६. पिकअप मरायला लागला आणि डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला म्हणून फिल्टर खोलला. डिझेल नेहमीच्या पंपावरचं आहे, ढाब्यावरचं नाही. आता रंगाचं सांगा.

गोदाकाठ_परभणी
लाल झाक असेल तर सांभाळा. मी व्हिडिओत पाहिलंय, लाल डिझेल बेकायदेशीर आहे. आरटीओनं टाकीत नळी घालून बघितलं तर मोठा दंड.

पानेवाडी_टँकर
तो नियम इकडचा नाही भाऊ. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये शेतीच्या यंत्रांना करात सवलतीचं डिझेल मिळतं, ते ओळखू यावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. आयर्लंडमध्ये हिरवा. ते ट्रकमध्ये सापडलं की दंड. आपल्याकडं ट्रॅक्टरला, ट्रकला, जनरेटरला एकच डिझेल, एकाच कराचं, त्यात असा रंग घालत नाहीत. आपल्याकडं निळा रंग असतो तो रेशनच्या रॉकेलला, भेसळ कळावी म्हणून.

मी मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून मराठवाड्यात बरीच वर्षं टँकर आणलेत. चांगलं डिझेल फिकट पिवळसर असतं, कधी हिरवट झाक असते, पण आरपार दिसतं. क्रूड आणि रिफायनरी बदलली की छटा थोडी बदलते, त्यात काही वावगं नाही. बीएस-६ मध्ये गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमवरून १० वर आणलं, १ एप्रिल २०२० पासून. त्यानं डिझेल काळं होत नाही. पंपवाल्याचं ते बोलणं चूक आहे.

आता मला सांगा, गाडी मध्ये किती दिवस उभी होती? टाकी भरलेली होती का अर्धी?

बालाघाटचा
एवढं कशाला? पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. डाग राहिला तर भेसळ.

पानेवाडी_टँकर
कागदाची परीक्षा पेट्रोलची आहे. डिझेल शुद्ध असलं तरी तेलकट डाग राहतोच. उगाच माणसाला घाबरवू नका.

केजचा_ट्रॅक्टरवाला
डिझेलमध्ये लिटरभर रॉकेल आणि थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल टाका, सगळी घाण जळून जाते. माझा ट्रॅक्टर वीस वर्षं असाच चाललाय.

दहाचाकी_जालना
मामा, तुमच्या ट्रॅक्टरच्या जुन्या डिझेल पंपाला ते चालून गेलं. बीएस-६ ला रॉकेल म्हणजे नोझलचं वंगण गेलं आणि टू-टीच्या राखेनं सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळी बुजली. मांजराकाठ, असलं काही करू नका.

मांजराकाठ (लातूर)
गाडी पावसाळ्यात बरेच दिवस उभीच होती, भाडं नव्हतं. टाकी अर्धी असेल. निघायचं ठरलं तेव्हा वरून फुल केली. त्याचा काय संबंध?

पानेवाडी_टँकर
सगळा संबंध तिथंच आहे. अर्ध्या टाकीत हवा असते, पावसाळी दमट हवेचं पाणी आतल्या पत्र्यावर धरतं आणि तळाला जाऊन बसतं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. पाणी आणि डिझेल जिथं मिळतं तिथं जंतू वाढतात, काळपट शेवाळी गाळ होतो. त्यात गंज. वरून जोरात डिझेल पडलं की सगळा गाळ ढवळून फिल्टरला येतो.

दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत टाकीच्या वरचं डिझेल, दुसरीत खालचा ड्रेन नट सैल करून तळाचं. तास-दीड तास हलवू नका. तोवर चावी लावू नका.

बालाघाटचा
आणि पंपाचं डिझेल? त्याला असंच सोडायचं?

पानेवाडी_टँकर
अजिबात नाही. ग्राहकानं मागितलं की पंपानं घनता मोजून दाखवायला पाहिजे. हायड्रोमीटर, थर्मामीटर, काचेचं भांडं तिथंच असतं. आकडा १५ अंश तापमानाच्या हिशेबात आणून पंपाच्या रजिस्टरमधल्या घनतेशी जुळवायचा. घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक आला तर लेखी तक्रार करा. पांढऱ्या रॉकेलची भेसळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.

मांजराकाठ (लातूर)
बाटल्या बघितल्या. वरचं डिझेल फिकट, थोडं गढूळ. तळाच्या बाटलीत खाली दोन बोटं पाणी, वर काळा गाळ. पोरगा पंपावरून बाटलीत डिझेल घेऊन आला, ते स्वच्छ पिवळं आहे.

बालाघाटचा
ते आजच्या टँकरचं. तुम्ही भरलं त्या दिवशीच्या टँकरचं काय?

पानेवाडी_टँकर
हे मात्र बरोबर बोललात. मांजराकाठ, बिलावरची तारीख घेऊन जा आणि त्या दिवसाची घनता बघा. पण तुमच्या बाटल्या सांगतात की घाण टाकीतच आहे. टाकी उतरवून आतून धुवा, दोन्ही फिल्टर नवे टाका, टाकीपासूनच्या लाइनला हवा मारा. मग हातपंपानं एअर काढा आणि नंतरच सेल्फ मारा. नोझलपर्यंत पाणी गेलं का ते तेव्हाच कळेल. गाडी जर्क मारत असेल तर भरलेली घाटात घालू नका.

मांजराकाठ (लातूर)
टाकी उतरवायला घेतली. मालवाल्याला उद्या सकाळची वेळ दिली, तो चिडला पण थांबला. ड्रायव्हर बिल घेऊन पंपावर गेलाय.

फिटर_नांदेड
टाकी उघडलीच आहे तर धूर साफ करायच्या युरियाच्या टाकीची जाळी पण बघा. तिथं पांढरे खडे जमले की दिवा लागतो.

गोदाकाठ_परभणी
लातूरला टाकी धुवायचे किती घेतात? मला पण करायचंय.